मंगळावर आज्जीचं सहस्रचंद्रदर्शन कधी?

मंगळवारपेठी (सातारा) – रविवार, रात्री ९:१२

आमच्या घरात सध्या एकच विषय आहे, आज्जीचं सहस्रचंद्रदर्शन. थोरले काका म्हणतात ८० वर्षं ८ महिने झाले की करायचं. आत्या म्हणते ८१ वा वाढदिवस धरायचा. मी मोबाइलवर हिशेब केला (दोन पौर्णिमांत सरासरी २९.५३ दिवस, गुणिले हजार) तर ८० वर्षं १० महिने येतात. शेवटी कार्यालय मिळेल तो दिवस, हे तिघांनाही माहीत आहे, पण भांडण सोडायला कुणी तयार नाही.

त्यात माझा नऊ वर्षांचा भाचा मध्ये पडला. शाळेत नुकतेच ग्रह शिकवलेत. "आज्जी मंगळावर असती तर?" म्हणाला. सुट्टीचा दिवस, बसले आकडेमोड करत. मंगळाचं वर्ष आपल्या ६८७ दिवसांचं, म्हणजे हजार पौर्णिमांच्या दिवशी आज्जीचं मंगळवय होईल फक्त ४३. बुधाचं वर्ष ८८ दिवसांचं, तिथे तिचे ३३५ वाढदिवस झालेले असतील. आणि शनीवर तिसरा वाढदिवससुद्धा नाही, बालवाडीतही कुणी घेणार नाही.

चंद्राचं तर अजून मजेशीर आहे. मंगळाला चंद्र दोन, त्यातला फोबॉस ७ तास ३९ मिनिटांत एक फेरी मारतो. हजार फेऱ्या ३१९ दिवसांत! बाळाला धड चालताही येत नसेल आणि घरचे सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिका छापत असतील. वर हा चंद्र पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो. म्हणजे ओवाळायला कुठल्या दिशेला बसवायचं हाही वाद.

इथवर हसण्यावारी चाललं होतं. मग भाचा म्हणाला, "पण मावशी, तिथं आज्जी इतकी म्हातारी झाली असती का?"

ह्याला मला उत्तर देता आलं नाही. मागच्या वर्षीपर्यंत आज्जी रोज सकाळी टेकडीवरच्या 'चार भिंतीं'पर्यंत चढून जायची. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. "आता फार हलवू नका" असं एकांनी सांगितलं म्हणून आम्ही तिला अडीच महिने पलंगावरच ठेवलं. त्या अडीच महिन्यांत ती दहा वर्षांनी म्हातारी झाली. आम्ही रोज बघत होतो. कॅलेंडरची पानं मात्र दोन-तीनच उलटली होती.

तर जाणकारांनो, दुसऱ्या ग्रहावर राहिलं तर माणूस लवकर म्हातारा होईल, उशिरा होईल, का आहे तसाच? भाच्याला उद्या उत्तर द्यायचंय.

नुसतीच वाचक

पहिली! वाचनखूण साठवली. भाच्याला माझ्यातर्फे एक कंदी पेढा.

सकाळचा फॉरवर्ड (सांगली)

सोपं आहे ताई. अंतराळात वय वाढत नाही हे आइन्स्टाइनने सिद्ध केलंय. आपल्याकडे तर आधीपासून माहीत होतं. ककुद्मी राजा रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेला, तिथं गाणं चाललं होतं म्हणून जरा थांबला, परत आला तर खाली २७ चतुर्युगं उलटलेली. रेवती मात्र लग्नाच्याच वयाची.

लेथमशीन (कुपवाड)

फॉरवर्डराव, गोष्ट झकास आहे, पण आइन्स्टाइनच्या नावावर ती खपवू नका.

त्याच्या म्हणण्यात दोन भाग आहेत. जोरात पळणारं घड्याळ हळू चालतं. आणि गुरुत्वाकर्षणाच्या खड्ड्यातून जेवढं वर जाल तेवढं घड्याळ जलद चालतं. अंतराळस्थानक तासाला २८,००० किलोमीटरने पळतं, तिथे पहिला भाग भारी पडतो. सुनीता विल्यम्स २०२४-२५ मध्ये २८६ दिवस वर होत्या. एवढ्या दिवसांत त्यांचं वय आपल्यापेक्षा कितीने कमी वाढलं? साधारण ७ मिलिसेकंदांनी. पापणी लवायला याच्या दहापट तरी वेळ लागतो.

जीपीएसच्या उपग्रहांचं उलटं, ते उंचावर आहेत म्हणून त्यांची घड्याळं रोज ३८ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दहा लाखांश भाग) पुढे पळतात. ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरचा घोळ होईल. साताऱ्यात राजवाड्यासमोर भेळ खाणाऱ्याला मोबाइल गावाबाहेर शेंद्र्यात दाखवेल.

आता मंगळ. सूर्यापासून लांब, स्वतःची ओढ कमी आणि कक्षेतला वेगही कमी (सेकंदाला २४ किलोमीटर, आपली पृथ्वी ३०). तिन्हींचा परिणाम एकाच बाजूला, म्हणून तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा रोज सरासरी ४७७ मायक्रोसेकंद पुढे जातं. ८० वर्षांचा हिशेब केला तर १४ सेकंद. तेव्हा आज्जी मंगळावर असत्या तर १४ सेकंदांनी *जास्त* म्हाताऱ्या असत्या. भाच्याला एवढंच सांगा.

सकाळचा फॉरवर्ड (सांगली)

१४ सेकंद का होईना, फरक पडतो हे मान्य केलंत ना?

लेथमशीन (कुपवाड)

केलं. तुमचा हा प्रतिसाद वाचण्यात माझे तेवढेच गेले.

वाईचे गुरुजी

मंगळवारपेठीताई, तुमचा हिशेब बरोबर आहे. ८० वर्षांचे महिने ९६०, त्यात अधिकमास साडेएकोणतीस (१९ वर्षांत ७ येतात), झाले ९८९ आणि वर थोडं. हजाराला साडेदहा कमी. तेव्हा ८० वर्षं १० महिने हे गणित आणि ८ महिने ही रूढी. काकांना दुखवू नका.

मंगळाबद्दल दोनच गोष्टी सांगतो. तिथून बघितलं तरी शनी आपल्याच चालीने चालणार, २९ वर्षं ६ महिन्यांना एक फेरा. त्यामुळे साडेसाती तिथेही सुटत नाही, फक्त तिथल्या वर्षांत ती चारच वर्षांची भरते. आणि मंगळावर जन्मलेल्या मुलीच्या पत्रिकेत मंगळ असूच शकत नाही, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून देईन. पृथ्वी कडक असेल, ते बघावं लागेल.

नुसतीच वाचक

गुरुजी 😂😂 स्थळं तिकडचीच बघायला सांगते आईला.

हाडाची डॉक्टर (मिरज)

घड्याळाचं लेथमशीन यांनी संपवलंच आहे. पण ताईंचा प्रश्न मुळात घड्याळाचा नव्हताच. अडीच महिन्यांत दहा वर्षं कशी गेली, हा होता. त्याबद्दल मला बोलता येईल, रोज तेच बघते.

लोकांना वाटतं हाड म्हणजे दगड. तसं नाही. हाड रोज थोडं खरवडलं जातं आणि रोज थोडं भरलं जातं. कुठे भरायचं आणि किती, हे त्याच्यावर पडणाऱ्या भारावरून ठरतं. युलियस वोल्फ नावाच्या जर्मन सर्जनने १८९२ मध्येच हे मांडलं होतं. भार काढून घेतला की खरवडणाऱ्या पेशी कामावर आणि भरणाऱ्या रजेवर, अशी अवस्था होते. अंतराळवीरांच्या खुब्याच्या आणि मांडीच्या हाडातून महिन्याला १ ते १.५ टक्के ऐवज जातो. आपल्याकडे पाळी गेलेल्या बाईचा साधारण तेवढाच जातो, पण तो *वर्षाला*. निघालेलं कॅल्शियम लघवीतून बाहेर पडतं, म्हणून वर मुतखड्याचीही भीती.

हे टाळायला ते लोक रोज दोन तास व्यायाम करतात, पट्ट्यांनी स्वतःला ट्रेडमिलवर बांधून घेऊन. तरी २०२२ मध्ये १७ अंतराळवीरांचा अभ्यास आला, त्यात परत येऊन वर्ष झाल्यावरही ९ जणांची नडगी पूर्ववत झालेली नव्हती.

गंमत म्हणजे चेहरा उलटी साक्ष देतो. वर गेल्यावर पायातलं रक्त-पाणी डोक्याकडे सरकतं, गाल फुगतात, सुरकुत्या भरून येतात. पाठीचे मणके सैल होऊन उंचीही वाढते, ३ टक्क्यांपर्यंत. फोटोत माणूस तरणाबांड आणि पोटऱ्या मात्र काटकुळ्या. वरून चाळिशी, आतून सत्तरी.

आणि यासाठी अंतराळात जायचीही गरज नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला विशीतल्या ५ धडधाकट पोरांना ३ आठवडे नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं होतं. ३० वर्षांनी त्याच पाचांना पुन्हा बोलावून तपासलं. दमसासाची क्षमता त्या ३ आठवड्यांत जेवढी घसरली होती, तेवढी पुढच्या ३० वर्षांतही घसरली नव्हती! आमच्याकडे कुणी "आजोबांना जरा आराम करू दे" म्हणालं की मी हे सांगते. निम्मे लोक ऐकतात.

मंगळावर भार अगदीच शून्य नाही, आपल्या ३८ टक्के आहे. पण तेवढ्या भारात आजवर कुणी राहिलेलं नाही. चंद्रावर सहावा हिस्सा भार, तिथे १२ माणसं उतरली, आणि सर्वांत लांबचा मुक्काम अपोलो १७ चा, साधारण ७५ तासांचा. तेवढ्यात हाडाला पत्ताही लागत नाही. माझं मत विचाराल तर मंगळावर माणूस लवकर म्हातारा होईल. १४ सेकंदांनी नव्हे, चांगला घसघशीत.

तालीमवाला (विटा)

आवं डाक्टरीनबाई, हे आमचं वस्ताद चाळीस वर्सं सांगत्यात की. "जोर-बैठका सोडल्या की पैलवान वर्साला पाच वर्सं म्हातारा हुतो." त्येंला काय कुणी बक्षीस दिलं न्हाई.

एक इचारतो. मंगळावर वजन कमी भरतंय न्हवं? मग अंगावर वजन बांधायचं की. किती लागंल?

लेथमशीन (कुपवाड)

वस्तादांना नमस्कार. ६० किलोच्या माणसाला तिथे इथल्याइतका भार हवा असेल तर अंगावर ९८ किलोचं जाकीट चढवावं लागेल. एकूण १५८ किलो, त्याचा भार ६० सारखा.

पण एक मेख आहे. भार हलका झाला तरी ऐवज तेवढाच राहतो. १५८ किलोचं धूड पळायला लागलं आणि अचानक वळायचं म्हटलं तर ते १५८ किलोसारखंच ओढणार, आणि पायाची पकड मात्र ६० ची. लोड भरलेल्या ट्रकला सायकलचे ब्रेक लावल्यासारखं. पुसेसावळीच्या वळणावर जाऊन बघा काय होतं ते.

तालीमवाला (विटा)

म्हंजी डाव टाकायचा म्हटलं तर टाकनाराच आखाड्याभायेर. नको बाबा. हितलीच लाल माती बरी, तिकडची बी लालच हाय म्हंत्यात पर तेल-ताक कोन घालनार.

मंगळवारपेठी (सातारा)

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती उठून आत गेली. "आपणच झोपवून ठेवलं तिला" एवढंच म्हणाली.

एक शंका. तिथे भार कमी, मग पडलं तरी कमी लागेल ना? आज्जी मंगळावरच्या न्हाणीघरात पडली असती तर हाड वाचलं असतं?

लेथमशीन (कुपवाड)

हा प्रश्न आवडला. एक मीटरवरून पडलं तर इथे ०.४५ सेकंदात जमीन गाठतो, वेग सेकंदाला ४.४ मीटर. मंगळावर ०.७३ सेकंद लागतील आणि वेग २.७ मीटर. आदळण्याची ऊर्जा ३८ टक्केच. शिवाय पाऊण सेकंद म्हणजे हात टेकायला, नळ धरायला बऱ्यापैकी सवड.

हाडाची डॉक्टर (मिरज)

बरोबर आहे, पण इथलं हाड तिथे नेऊन पाडलं तर. तिथेच वीस वर्षं राहिलेलं हाड हे नव्हे. आपटणं हलकं झालं तसं हाडही हलकं झालेलं असणार. कोण आधी हरतं ते सांगता येणार नाही. आणि असा माणूस पृथ्वीवर परत आला तर त्याला इथलं साधं उंबरठ्याला अडखळणंही महागात पडेल.

ताई, आईंना सांगा, सगळ्यांकडून होतं. आज्जींचं गेलेलं सगळं येणार नाही, पण पुष्कळ येतं. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, सकाळी पाच, संध्याकाळी पाच. कुणीतरी शेजारी उभं राहायचं. तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा, एक्स-रे बघितल्याशिवाय मी जास्त सांगणार नाही.

सकाळचा फॉरवर्ड (सांगली)

ते जुळ्या भावांचं? नासाने एक भाऊ वर पाठवला, तो तरुण होऊन आला. हे तरी खरं आहे.

हाडाची डॉक्टर (मिरज)

अर्धं खरं आहे. स्कॉट केली २०१५-१६ मध्ये ३४० दिवस वर होता, जुळा भाऊ मार्क खाली. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना टोपणं असतात, टेलोमिअर म्हणतात, बुटाच्या लेसच्या टोकाला असतं तसं. वय वाढतं तशी ती झिजतात. स्कॉटची वर असताना चक्क *लांब* झाली. सगळे चक्रावले. पण खाली आल्यावर दोनेक दिवसांत झपाट्याने आखडली, आणि काही तर आधीपेक्षाही आखूड राहिली. तेव्हा तरुण होऊन आला नाही, पाहुण्यांसमोर दोन दिवस नीट वागणाऱ्या पोरासारखं झालं ते. शिवाय एकाच माणसावरून किती बोलायचं?

स्कॉट मार्कपेक्षा ६ मिनिटांनी धाकटा. परतल्यावर तो ६ मिनिटं आणि काही मिलिसेकंदांनी धाकटा झाला, असा त्यांचा घरातला विनोद आहे.

हरिपूरकर

उशिरा आलो. तुम्ही सगळे मंगळावर उघड्यावर हिंडताय, म्हणून लिहितो.

तिथे हवा आपल्या एक टक्क्याहूनही विरळ आणि पृथ्वीसारखं चुंबकीय कवच नाही. नासाच्या मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीने मोजलं, पृष्ठभागावर रोज ०.६७ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग. आपल्याला जगात सरासरी *वर्षाला* २.४ मिळतो. म्हणजे शंभरपट. दर दोन आठवड्यांनी पोटाचा एक सीटी स्कॅन, जन्मभर. डोळ्यात मोतीबिंदू लवकर, कॅन्सरची शक्यता जास्त, ही म्हातारपणाचीच पाहुणेमंडळी.

उपाय एकच, काही मीटर मातीखाली राहायचं. आणि हे ऐकलं की मला आमची पेवं आठवतात. बाहेरच्यांसाठी सांगतो: हरिपुरात कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खोल खड्डे करून त्यात हळद साठवायची पद्धत होती. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट घागरीसारखं. वर्षानुवर्षं हळदीला कीड लागायची नाही, कारण आत हवाच नाही. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, काही तास थांबायचं, मग कंदील दोरीने खाली सोडायचा. विझला तर माणूस उतरवायचा नाही. माझ्या चुलत्यांनी हा धंदा केला. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि पेवांची वाट लागली.

तर मंगळावर माणूस राहणार तो पेवातल्या हळदीसारखा. ऊन नाही, वारा नाही, भार नाही. टिकेल कदाचित. पण टिकणं आणि जगणं यात हळदीला फरक पडत नाही, माणसाला पडतो.

नुसतीच वाचक

केरळच्या किनाऱ्यावर पण किरणोत्सर्ग जास्त आहे ना? तिथे लोक म्हातारे होतातच की नीट.

हाडाची डॉक्टर (मिरज)

करुनागपल्ली म्हणताय. तिथल्या वाळूत मोनाझाइट आहे, त्यात थोरियम. मोठा अभ्यास झाला, कॅन्सर वाढलेला दिसला नाही. पण ते गॅमा किरण, थेंबथेंब. मंगळावर आकाशातून येणाऱ्या जड कणांचा मारा. पावसाची भुरभूर आणि गारपीट यांना एकाच भांड्यात मोजून चालत नाही. द्राक्षवाल्या तासगावकरांना विचारा.

निवृत्त सुभेदार (कोरेगाव)

सर्व वाचले. वय ७१. रोज पहाटे यवतेश्वर घाट निम्मा चढतो. माझे दोन मुद्दे.

१) पेन्शनसाठी दर नोव्हेंबरला मी हयात आहे हे दाखवावे लागते. मंगळावर हे ६८७ दिवसांनी एकदा. बदली मिळत असल्यास माझा अर्ज समजावा.

२) मंगळाचा दिवस किती मोठा? झोपेचे कुणी बोलले नाही. सैन्यात असताना ड्यूटी फिरती होती, माणूस सर्वांत जास्त तिथे पिकतो.

लेथमशीन (कुपवाड)

सुभेदारसाहेब, २४ तास ३९ मिनिटं आणि काही सेकंद. ऐकायला बरं वाटतं, रोज पाऊण तास जास्त झोप. पण २००४ मध्ये मंगळावर स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या नासाच्या गाड्या चालवणारी मंडळी पृथ्वीवर बसून मंगळाच्या वेळेने जगत होती. त्यांना मंगळाची वेळ दाखवणारी मुद्दाम बनवलेली मनगटी घड्याळंही मिळाली होती. रोज ४० मिनिटं उशिरा कामावर. अठरा-एकोणीस दिवसांत सकाळची पाळी रात्री जाऊन पोचते. माणसं पार थकली.

मात्र तिथे राहणाऱ्याला सूर्यही तसाच उगवणार. आपलं आतलं घड्याळ मुळात २४ तास ११ मिनिटांच्या आसपास चालतं, तेव्हा त्याला ताणून २४:३९ ला जमवून घेता येईल. मी तिसरी पाळी नऊ वर्षं केली. मंगळ परवडला.

तालीमवाला (विटा)

सुभेदार, घाट निम्मा का? पुरा चढा.

निवृत्त सुभेदार (कोरेगाव)

निम्म्यावर चहा मिळतो.

मंगळवारपेठी (सातारा) – गुरुवार, सकाळी ११:०५

सगळ्यांचे आभार. भाच्याला शेवटी असं सांगितलं की वाढदिवस कमी झाले असते, चंद्र जास्त बघून झाले असते, आणि गुडघे लवकर गेले असते. त्याने वहीत लिहून घेतलं. "१४ सेकंद" ला दोनदा अधोरेखित केलंय.

आमच्या डॉक्टरांना विचारून परवापासून उठबस सुरू केली. पहिल्या दिवशी दोन झाल्या आणि आज्जी रागावून बसली. काल चार. आज पाच झाल्या, आई शेजारी उभी होती.

आज्जीला मंगळाचं सांगितलं. तुझं वजन ४६ किलो, तिथे काटा साडेसतरा दाखवेल, म्हटलं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग माळ्यावरचा तांब्याचा हंडा मला काढता येईल. तुम्ही कुणी काढत नाही."

कार्यालय पुढच्या महिन्यात १४ तारखेचं मिळालं. त्या दिवशी तिला ८० वर्षं ९ महिने होतात. काका, आत्या आणि मी, तिघंही चुकलो.

वाईचे गुरुजी

चालेल. अंगण रिकामं ठेवा, हंडा काढून घासून ठेवा, कलशाला लागेल.